विमानाचा विमा आणि ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ

विमा आणि विमान या दोन शब्दांत मराठीत अवघ्या एका अक्षराचे अंतर आहे. व्यवहारात ते अंतर केवढे मोठे आहे, याचा अनुभव अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर शेकडो कुटुंबांनी घेतला. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले विमान धावपट्टी सोडताच काही क्षणांत बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जीव त्यात गेले. विमानातील बारा कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण मुंबई परिसरातले होते. त्यामुळे त्या दुःखाचा वाटा महाराष्ट्राच्याही पदरी आला. अपघात कशाने झाला, हे सांगणे तज्ज्ञांचे काम; त्यात आम्हांस पडावयाचे नाही. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्यांच्या घरी अस्थिकलशही अद्याप आला नव्हता, त्यांच्या हाती कागद येऊ लागले, आणि त्या कागदांवर ‘अंतरिम रक्कम’, ‘आर्थिक अवलंबित्व’, ‘दायित्वाची पहिली पायरी’ असले शब्द होते. अवलंबित्वाविषयीच्या प्रश्नावलीवरून तर वादही झाला. नातेवाइकांवर दबाव आणला जात असल्याचा आरोप एका ब्रिटिश वकिली संस्थेने केला आणि कंपनीने तो साफ नाकारला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु ज्या शब्दांच्या खाली सही करावयाची, ते शब्द सही करणाऱ्यास कळावेत, एवढी अपेक्षा बाळगण्यास कोणत्याही निवाड्याची गरज नाही.

विमानविम्याची परिभाषा परकी वाटते, याचे एक कारण असे की ती आकाशातली नसून समुद्रावरची आहे. लंडनच्या लॉईड्समध्ये विमानांचा विमा १९११ च्या सुमारास उतरविला जाऊ लागला, आणि तो उतरविणारे लोक गलबतांचे विमे उतरविण्यात मुरलेले होते. साहजिकच त्यांनी गलबताचेच शब्द विमानाला चिकटविले. ‘हल’ हा त्यांतला पहिला. मराठी वाचकाला हल म्हटले की बलरामाच्या खांद्यावरचा नांगर आठवेल; विमेवाल्यांच्या भाषेत मात्र हल म्हणजे जहाजाचे धूड, आणि म्हणून विमानाचेही धूड, त्याची इंजिने व त्यात बसविलेल्या उपकरणांसह. या धुडाचा विमा ‘ठरीव किमती’चा असतो. मोटारीचा विमा काढताना गाडी जुनी झाली म्हणून दरवर्षी तिची किंमत घटविली जाते. प्रवासी विमानाच्या बाबतीत करार करतानाच दोन्ही पक्ष एक आकडा मान्य करतात आणि विमान संपूर्ण नष्ट झाले तर तोच आकडा द्यावयाचा असतो. त्यावर घासाघीस नाही, घसारा नाही. किरकोळ नुकसानीच्या वेळी ‘वजावट’ लागू होते, म्हणजे सुरुवातीची अमुक इतकी रक्कम विमान कंपनीने स्वतः सोसावयाची; संपूर्ण नाशाच्या प्रसंगी तीही सामान्यतः लावली जात नाही. यामुळेच धुडाचा दावा बहुधा लवकर निकालात निघतो. यंत्राची किंमत आधी ठरलेली असते. माणसाची ठरलेली नसते, आणि येथून खरा गुंता सुरू होतो.

पण त्याआधी ‘सर्व’ या शब्दाचा समाचार घेणे भाग आहे. धुडाच्या विमापत्राचे नाव ‘सर्व जोखीम’ असे असते. आम्ही एके काळी शाळेत व्याकरण शिकविले आहे, आणि ‘सर्व’ हे सर्वनाम मुलांना समजावून देताना आम्हांस कधी अडचण पडली नाही. विमेवाल्यांनी मात्र त्या शब्दाला चांगलीच अडचणीत आणले आहे. या ‘सर्व’ जोखमींतून झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र नसेल किंवा वैमानिकाचा परवाना वैध नसेल, तर विमापत्राचा आधारच डळमळतो. ठरलेल्या भौगोलिक सीमेबाहेर नेलेल्या विमानाला संरक्षण नसते. आणि सर्वांत मोठे अपवाद म्हणजे युद्ध व तत्सम संकटे. या ‘तत्सम’ शब्दाच्या पोटात काय काय सामावले आहे ते पाहा: बंड, संप, दंगल, घातपात, विमानाचे अपहरण, सरकारने केलेली जप्ती अथवा अडवणूक. म्हणजे २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यालगत ज्यातील बाँबस्फोटाने ३२९ जणांचा बळी घेतला ते ‘कनिष्क’, किंवा डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आणि कंदाहारला नेऊन ठेवलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान, ही उदाहरणे तुमच्या-आमच्या दृष्टीने शांततेच्या काळातील. आजच्या प्रचलित विमाकलमांच्या दृष्टीने मात्र ती ‘युद्धा’च्या सदरात पडतात. त्यासाठी वेगळे विमापत्र, वेगळा हप्ता आणि बहुधा वेगळे विमेदार. कधी कधी विमान कशाने गेले हेच लवकर कळत नाही. अशा वेळी दोन्ही पत्रांच्या विमेदारांनी तूर्त निम्मी-निम्मी रक्कम द्यावी आणि आपापसांतले भांडण मागाहून करावे, असे एक कलमही रूढ आहे. विमाव्यवसायाने काढलेल्या तोडग्यांपैकी हा एक शहाणपणाचा तोडगा होय.

या वर्गीकरणावर किती पैसा अवलंबून असतो, याचे प्रत्यंतर अहमदाबादच्या अपघाताच्या आदल्याच दिवशी लंडनमध्ये आले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य कंपन्यांनी भाड्याने दिलेली चारशेहून अधिक विमाने रशियात अडकून पडली. विमाने धडधाकट होती, उडतही होती. मालकांना ती परत मिळत नव्हती, इतकेच. मग हे नुकसान ‘सर्व जोखीम’ पत्राखाली भरावयाचे की ‘युद्ध’ पत्राखाली? तीन वर्षे वाद चालला आणि ११ जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, रशियन सरकारने १० मार्च २०२२ रोजी निर्यातबंदी केली तेव्हाच ही विमाने गेली असे समजावे आणि भरपाई युद्ध-विमेदारांनी द्यावी. एकट्या एअरकॅप कंपनीला शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचा तो आदेश होता. एका विशेषणाच्या व्याप्तीवर एवढा पैसा फिरतो.

युद्धविम्याचा आणखी एक विशेष सामान्य वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो सात दिवसांच्या सूचनेने रद्द करता येतो. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर विमेदारांनी जगभरच्या विमान कंपन्यांना ही सात दिवसांची सूचना धाडली आणि जमिनीवरील लोकांच्या युद्धजन्य हानीसाठी असलेले संरक्षण पाच कोटी डॉलरांवर आणून ठेवले. अमेरिका व ब्रिटनसह अनेक सरकारांना तेव्हा स्वतः हमी द्यावी लागली, नाहीतर विमाने जमिनीवरच राहती. याखेरीज ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन या पाचांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध पेटले, तर हे संरक्षण आपोआप, विनासूचना संपते. पावसाळा सुरू झाला की छत्री परत मागण्याचा हा प्रकार आहे असे कोणी म्हटले, तर आम्ही त्यास फारसा विरोध करणार नाही. विमेदारांची बाजू अशी की, असे युद्ध झाल्यास जगातील कोणत्याही तिजोरीला ते नुकसान पेलणार नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

आता माणसांकडे वळू. विमान कंपनीचे दायित्व दोन प्रकारच्या लोकांशी असते: विमानातील प्रवासी आणि विमानाबाहेरील ‘तिऱ्हाईत’. हा तिऱ्हाईत म्हणजे आपल्या स्कूटरच्या विम्यातला ‘थर्ड पार्टी’च, करार दोघांचा, आणि हानी झालेला तिसरा. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंडियन एअरलाइन्सचे विमान उड्डाण करताना धावपट्टीपलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या मालमोटारीला धडकले आणि ५५ जण प्राणास मुकले. त्या विमानातील माणूस ‘प्रवासी’, आणि ती मालमोटार, तिचा मालक, तिच्यातला कापूस हे सारे ‘तिऱ्हाईत’. मोठ्या कंपन्या या दोन्ही दायित्वांसाठी एकच सामायिक मर्यादा घेतात, त्यामुळे विमेदारापुढे एकच आकडा असतो. कायद्यापुढे मात्र हे दोघे अगदी निराळे आहेत, आणि हा भेद अहमदाबादच्या वसतिगृहात जेवणाच्या ताटावर बसलेल्यांच्या वाट्याला आला.

प्रवाशाच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय करार आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराने सुरुवात केली, परंतु तो करार बाल्यावस्थेतील विमानधंद्याला जपण्यासाठी लिहिलेला होता आणि भरपाईवर त्याने तोकडी कमाल मर्यादा घातली होती. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने ती कल्पनाच उलटी केली. भारत त्यात २००९ साली सामील झाला आणि १९७२ चा विमानवाहतूक कायदा त्यानुसार सुधारण्यात आला. या करारात दायित्वाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीपर्यंत कंपनीची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. आपली चूक नव्हती असे म्हणून कंपनीला सुटताही येत नाही. त्या पायरीच्या वर जितके नुकसान असेल तितके मागता येते, कमाल मर्यादा नाही; मात्र तेथे कंपनीला बचावाची संधी आहे. आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा हानी केवळ दुसऱ्या कोणाच्या चुकीने झाली, हे तिला सिद्ध करावे लागते. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, मृताच्या विधवेवर नाही, हे या कराराचे मर्म आहे.

पहिल्या पायरीचा आकडा रुपयांत नाही, डॉलरांतही नाही. तो ‘विशेष आहरण हक्कां’त आहे. हे नाणे कोणी हातात घेतलेले नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डॉलर, युरो, युआन, येन व पौंड या पाच चलनांची मोट बांधून तयार केलेले ते हिशेबाचे एकक आहे. हेतू असा की एखाद्या देशाचे चलन घसरले तरी भरपाईची किंमत घसरू नये. मूळ आकडा एक लक्ष होता. महागाईनुसार तो वाढत वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर १,५१,८८० झाला. अहमदाबादच्या अपघाताच्या वेळच्या दराने याचे पावणेदोन कोटींहून अधिक रुपये होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. ही रक्कम म्हणजे मृताच्या घरी आपोआप पोहोचणारा ठोक आकडा नव्हे. चूक सिद्ध करावयाची नसली, तरी नुकसान किती झाले हे दाखवावे लागतेच. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दरीत कोसळून १५८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा नेमका हाच प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे आला. एकल न्यायाधीशांनी प्रत्येक कुटुंबास किमान ती रक्कम मिळालीच पाहिजे असे म्हटले. खंडपीठाने २०११ मध्येच ते मत फिरविले. आणि मग ‘आर्थिक अवलंबित्व’ या कोरड्या शब्दाला जीवघेणे महत्त्व येते. मृताचे उत्पन्न किती, त्यावर कोण कोण जगत होते, पुढे ते किती वाढले असते, स्वतःवर तो किती खर्च करीत असे, या प्रश्नांच्या उत्तरांवर भरपाई मोजली जाते. म्हणून त्या प्रश्नावलीतील प्रत्येक रकाना हा हिशेबाचा भाग असतो. घाईने ‘कोणीही अवलंबून नाही’ असे लिहिणारा मुलगा आपल्या आईच्या हक्कावर पाणी सोडीत असतो. त्याच मंगळूर दुर्घटनेतील एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या कुटुंबास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ७ कोटी ६४ लक्ष रुपये आणि त्यावर ९ टक्के व्याज देवविले. वेतनपत्रकात रक्कम निरनिराळ्या भत्त्यांच्या नावांनी विभागलेली असली, तरी ती वेतनच होय, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. निकाल उत्तम होता. तो येण्यास दहा वर्षे लागली.

करारातील आणखी एक शब्द कठोर आहे: ‘शारीरिक इजा’. मृत्यू अथवा शारीरिक इजा यांचीच भरपाई करार देतो. विमान कोसळता कोसळता वाचले आणि प्रवाशाची झोप जन्माची उडाली, तर त्या निव्वळ मानसिक यातनेला करारात स्थान नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आणि ब्रिटनच्या उमराव सभेने २००२ मध्ये वॉर्सा कराराच्या संदर्भात ठरविले. मॉन्ट्रियलनेही तोच शब्द ठेवला. आम्हांस हा शब्द आजच्या वैद्यकज्ञानाशी विसंगत वाटतो.

जमिनीवरील माणसाला यांपैकी काहीही लागू नाही. मॉन्ट्रियल करार तिकीट काढलेल्या प्रवाशापुरता आहे. जो विद्यार्थी वसतिगृहात जेवत होता त्याच्या वडिलांसाठी पहिली पायरी नाही, सिद्धतेचा उलटा भार नाही. त्यांच्यासाठी देशाचा सर्वसामान्य कायदा आणि दिवाणी न्यायालयाचा जिना आहे. विमानातील कर्मचारीही या अर्थाने प्रवासी नव्हेत. त्यांच्या वारसांचा मार्ग नोकरीविषयक कायद्यांतून जातो. देशांतर्गत प्रवासाला हा करार कोणत्या फेरफारांसह लावावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला असल्यामुळे मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याचा आणि मुंबईहून लंडनला जाणाऱ्याचा हिशेब एक नाही. टाटा समूहाने अहमदाबादेत प्रत्येक मृताच्या कुटुंबास एक कोटी रुपये जाहीर करताना विमानातले आणि जमिनीवरचे असा भेद केला नाही, आणि त्यासाठी पाचशे कोटींचा न्यास मुंबईत नोंदविला. ते उचितच झाले. परंतु ते औदार्य आहे. एअर इंडियाने दिलेली २५ लक्ष रुपयांची अंतरिम रक्कम वेगळी: ती अंतिम भरपाईतून वळती होणारी आगाऊ उचल आहे. करार म्हणतो की अशी आगाऊ रक्कम देणे म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे. त्याचप्रमाणे ती स्वीकारणे म्हणजे पुढच्या हक्काचा त्याग नव्हे, हे नातेवाइकांनी जाणले पाहिजे. हक्काचा त्याग होतो तो ‘पूर्ण व अंतिम’ या दोन शब्दांखाली सही केल्याने.

मृताने स्वतः काढलेला आयुर्विमा किंवा प्रवासविमा हा आणखी निराळा. तो त्याने हप्ते भरून मिळविलेला लाभ आहे. राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या मोटार-अपघाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगून ठेवले आहे की, आयुर्विम्याची रक्कम मिळाली म्हणून अपघाताच्या भरपाईतून ती कापता येत नाही. ‘तुम्हांला विम्याचे पैसे मिळाले ना?’ असे कोणी विचारल्यास हा दाखला द्यावा.

हे सारे पैसे शेवटी देतो कोण? विमापत्रावर भारतीय कंपन्यांची नावे असतात, पण एवढा भार त्यांनी एकट्याने वाहावयाचा नसतो. त्या स्वतःचा विमा उतरवितात. यास पुनर्विमा म्हणतात. चर्चगेटच्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनपासून लंडनच्या बाजारापर्यंत ओझ्याचे तुकडे होत जातात, आणि मूळ कंपनीकडे त्यातला लहानसा भाग उरतो. त्यात गैर काही नाही. मात्र याचा अर्थ असा की, अहमदाबादच्या घरी आलेल्या कागदाचा मसुदा करणारे डोके बहुधा लंडनमध्ये बसलेले असते, आणि दावा चुकविल्यावर विमान बनविणाऱ्यावर किंवा अन्य दोषी पक्षावर उलट दावा लावण्याचा, म्हणजे विमेदाराने दावेदाराच्या जागी उभे राहण्याचा हक्कही त्याच डोक्याला हवा असतो. मृताच्या नातेवाइकांनी एका कंपनीसाठी दिलेल्या मुक्तिपत्रात इतर सर्व संबंधितांना, विमानाच्या उत्पादकासुद्धा, मुक्त करणारे वाक्य आहे की नाही, हे म्हणूनच भिंग लावून पाहावयाचे असते.

आमच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. आरोग्यविमा घेणाऱ्यास त्याच्या विम्याचा गोषवारा सोप्या शब्दांत, आणि त्याने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावा, असा नियम विमा नियामकाने १ जानेवारी २०२४ पासून लागू केला आहे. नियम चांगला आहे, पण तो विमा ‘घेणाऱ्या’साठी आहे. विमानविम्यात विमा घेणारी असते विमान कंपनी, जिच्या पदरी वकील आणि दलाल आहेत. ज्याच्यासाठी हे दायित्व उभे राहते तो प्रवासी, त्याची पत्नी, त्याचे वृद्ध वडील हे कराराचे पक्षकारच नाहीत. म्हणून त्यांना समजावून सांगण्याचे बंधन कोणावरच नाही.

नागरी विमानवाहतूक मंत्रालयाने हे बंधन निर्माण करावे. अपघातानंतर नातेवाइकांच्या हाती पहिला कागद देताना त्यासोबत एक पत्रक दिलेच पाहिजे, त्यांच्या मातृभाषेत, मराठी माणसास मराठीत आणि गुजराती माणसास गुजरातीत. अंतरिम रक्कम म्हणजे काय, पहिली पायरी कोठे संपते, कोणते उत्तर कशासाठी विचारले आहे, हे त्यात असावे. दावा कोणकोणत्या देशांत लावता येतो हेही असावे. कारण परतीचे तिकीट असेल तर करारानुसार प्रवासाचे ‘अंतिम ठिकाण’ म्हणजे जेथून निघाले तेच गाव धरले जाते, ही गोष्ट वकिलांखेरीज किती जणांना ठाऊक असेल? मुक्तिपत्रावर सही घेण्यापूर्वी नातेवाइकाने निवडलेल्या स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळाल्याची नोंद आवश्यक करावी आणि त्या सल्ल्याची फी कंपनीने द्यावी. आणि त्या पत्रकाच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत, मुदत छापावी. विमान मुक्कामी पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा लावला नाही, तर मॉन्ट्रियल करारानुसार हक्कच नष्ट होतो. अहमदाबादच्या प्रवाशांच्या बाबतीत ती मुदत जून २०२७ मध्ये संपते.